एक दगड कमी

सूरज शिवलकरकडे हापूसची एक लाकडी पेटी होती आणि गवतावर आंबे निजवावेत तशा तिच्यात व्हिडिओ गेमच्या कॅसेटी निजवलेल्या होत्या. गाड्यांच्या शर्यतीच्या, मारामारीच्या, विमानं पाडायच्या. काहींवर ‘हजार खेळ’ असं ठळक छापलेलं असे आणि आत तेच सात-आठ खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत त्याचं गेम पार्लर चालायचं तेव्हा या पेटीला मोठा मान होता. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साली शाळा सुटली की त्याच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग पडायचा आणि अर्धा तास संपलेल्या पोराला खुर्चीवरून उठवताना सूरजच्या नाकी नऊ यायचे. मग शहरात सायबर कॅफे आले. पोरं तिकडे वळली आणि सूरजने गाळा सोडला. पेटी, खेळाचं मशीन आणि एक जुना टीव्ही एवढा संसार घेऊन तो खाडीकाठच्या मिऱ्या गावी घरी आला आणि पडवीत मांडून बसला.

पेटीतली प्रत्येक कॅसेट त्याने शेवटापर्यंत नेली होती. एक सोडून.

त्या एका कॅसेटीवरचं नाव जपानी लिपीत होतं. सूरजचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून ती आणली होती. नाव कुणाला वाचता येईना, म्हणून पोरांनीच तिचं बारसं केलं: कंदीलवाला. डोक्यावर टोपी आणि हातात कंदील असलेला एक बुटका माणूस दगडी खोलीत उभा असायचा. खोलीत चौकोनी दगड, मध्ये पाणी, पलीकडे दार. दगड ढकलून पाण्यात पाडायचे आणि त्यांच्यावरून पलीकडे जायचं, एवढाच खेळ. दगड ढकलता यायचा, ओढता यायचा नाही. एकदा कोपऱ्यात गेला की गेला. मारामारी नाही, गोळीबार नाही. कंदीलवाला मरायचासुद्धा नाही. नुसता अडकायचा आणि तुमच्याकडे तोंड करून उभा राहायचा. यात कसली मजा, असं बघणाऱ्याला वाटे. पण एकदा त्याच्या नादी लागलेला माणूस जेवताना ताटात भाकरीचे तुकडे सरकवत बसायचा.

शेवटच्या खोलीपर्यंत अख्ख्या पार्लरमधून दोघंच पोचले. एक सूरज आणि दुसरा मुकुल, एका डॉक्टरांचा चष्मेवाला, हुशार मुलगा. ही खोली शेवटचीच कशावरून, तर तिचं दार निराळं होतं. बाकीची दारं तपकिरी, हे निळं, आणि त्याच्या फटीतून उजेड येत होता. दारापुढे पाणी मात्र भलतंच रुंद. खोलीतले सगळे दगड त्यात पाडले तरी एक कमीच पडायचा. कुठूनही सुरुवात करा, कसेही ढकला, शेवटी एका दगडाएवढं पाणी उरायचं. काठावर कंदीलवाला, समोर निळं दार आणि मध्ये तेवढी एक जागा.

मुकुलने कागदावर आकृत्या काढल्या, चष्मा पुसला आणि निकाल दिला, “कॅसेट डुप्लिकेट आहे. कॉपी करताना एक दगड राहून गेलाय. ह्याला शेवटच नाही.” मुकुल दहावीला बोर्डात आलेला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. पोरांनी मान डोलावली आणि ती पुन्हा गाड्यांच्या शर्यतीकडे वळली. पुढे मुकुल इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, पण त्याचा निकाल रत्नागिरीत कायम राहिला.

सूरजला तो कधी पटला नाही. का पटला नाही, हे त्याला धड सांगताही येत नसे. ज्या कुणी एवढ्या खोल्या रचल्या, दाराला निळा रंग दिला, फटीतून उजेड दाखवला, तो माणूस नेमका एक दगड विसरेल? आणि विसरला नसेल, तर दारापलीकडे काय आहे? सुरमईचा काटा घशात अडकावा तसा हा प्रश्न त्याला अडकून बसला होता. भात गिळून झाला, केळं खाऊन झालं, काटा आपला तिथंच.

आता सूरजच्या वडिलांविषयी. मोरू शिवलकर हे स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवर त्यांचाच शब्द चालायचा आणि सुकाणूही त्यांच्याच हातात असायचं. मिशी भरघोस आणि मत ठाम. सूरजविषयीचं मत तर ते आल्यागेल्याला ऐकवायचे. “सूरजचं एक काम तडीला गेलं ना, तं ही मिशी काढीन!” आयटीआय अर्धवट सुटलं होतं, रिक्षा वर्षभरात विकली होती, पार्लर बुडालं होतं. होडीवर दोनदा नेलं, दोन्ही वेळा हा टिकला नाही. समुद्राची भीती होती असं नाही, पोहण्यात तो बापाला भारी होता. त्याला थांबता येत नसे. जाळं टाकलं की थांबायचं, परतताना खाडीच्या तोंडाशी पाणी चढेपर्यंत थांबायचं, खलाशाच्या जन्माला येऊन अर्धं आयुष्य नुसतं थांबायचं! त्याचे पाय वळवळायचे. “ह्याच्या अंगात मुंग्या हायत,” मोरू तांडेल म्हणायचे. “ह्याच्या हातात सुकाणू दिलं तं होडी खडकावर चढवील.” सूरजला हे फार लागायचं, कारण ते खरं आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

२००३ सालच्या श्रावणात सगळं एकदम ठरलं. नारळी पौर्णिमेला मासेमारी पुन्हा सुरू होईल तेव्हापासून सूरजने कायमचं होडीवर जायचं. पडवीत त्याच्या बायकोचं, रुपालीचं, पिको-फॉलचं मशीन लागणार. आणि पेटी, टीव्ही, खेळाचं मशीन असं सगळंच्या सगळं लांज्याचा भिकाजी घेऊन जाणार. लांज्याला अजून कॅफे पोचला नव्हता, तिथे त्याला पार्लर काढायचं होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने येतो, असा त्याचा फोनही येऊन गेला. पेटी जाण्याचं सूरजला दुःख होतं, पण ते गिळता येण्याजोगं होतं. गिळता येत नव्हतं ते हे, की पेटी गेली की निळं दारही गेलं. मग आयुष्यभर विचार करत बसा, पलीकडे काय होतं.

म्हणून त्या पावसाळ्यात होड्या नारळीच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असताना सूरज कंदीलवाल्याच्या मागे हात धुऊन लागला. कॅसेटीत काही साठून राहत नसे. लाईट गेली की पुन्हा पहिल्या खोलीपासून, आणि पावसात मिऱ्याची लाईट मनाला येईल तेव्हा जायची. होता होता त्याच्या अंगठ्यांना आधीच्या सगळ्या खोल्या पाठ झाल्या. बायकोशी बोलता बोलता, रेडिओवरचं हवामान ऐकता ऐकता तो शेवटच्या खोलीत पोचायचा. आणि तिथे एक दगड कमी. चुकलं वाटलं की तो लगेच बटण दाबून खोली पहिल्यासारखी करायचा आणि नव्याने दगड ढकलायला लागायचा. पार्लरमध्येही पोरं हेच करायची. घड्याळ लावून भाड्याने घेतलेल्या अर्ध्या तासात हातावर हात ठेवून कोण बसेल?

एकदा रुपाली सुपातले तांदूळ निवडत बाजूला बसली होती. तिने पडद्याकडे मान वाकडी करून बघितलं.

“ह्यो टीव्ही खालून काळा पडलाय काय वो? भिकाजी बघतील तं नाक मुरडतील.”

“कुठं?”

“ह्या काय, भिंतींच्या खाली. काळपट हिरवं दिसतंय.”

सूरजने बघितलं. खोलीच्या दगडी भिंतींना तळाशी, पाण्याच्या कडेकडेने, काळपट हिरवा पट्टा होता. हा त्याला जुनाच माहीत होता. पार्लरमध्येही दिसायचा आणि पोरं टीव्हीच्या कपाळावर चापट्या मारायची. त्याने ओल्या फडक्याने काच पुसली. पट्टा होता तिथेच राहिला. “टीव्हीचा दोष नाय,” तो म्हणाला. “बाकीच्या खोल्यांत नाय दिसत. कॅसेटच तसली हाय.”

“मंग मुकुल बोलला तेच खरं,” रुपाली म्हणाली आणि तांदळातला खडा अंगणात भिरकावला.

पौर्णिमेचा आदला दिवस उजाडला. पाऊस विसावला होता, लाईट होती. सूरज चहा पिऊन मशीनपुढे बसला आणि शेवटच्या खोलीत पोचला. आजच्यानंतर नाही, हे डोक्यात असल्यामुळे त्याचे अंगठे जास्तच घाई करत होते. दगड ढकलला, पाडला, ढकलला, पाडला. एक कमी. बटण. पुन्हा. एक कमी. त्याला त्या जपानी माणसाचा मनापासून राग आला. समोर असता तर सूरजने त्याला विचारलं असतं, बाबा रे, तुला लोकांना असं दारापुढे ताटकळत ठेवून काय मिळतं?

तेवढ्यात अंगणाच्या गडग्यापलीकडून मोरू तांडेलांची हाक आली. “सूरज! पाणी चढाय लागलंय. होडी लोटायची हाय ना? का त्या बुटक्याला घिऊन येतोस खलाशी म्हणून?”

सूरजने पुन्हा काठावर आणलेल्या कंदीलवाल्याकडे बघितलं. मशीन बंद केलं तर सगळं पुसलं जाणार होतं. हातातला खेळाचा रिमोट तसाच जमिनीवर ठेवून तो उठला.

“रुपाली, ह्याला हात लावू नको. चालू ऱ्हाव दे.”

“आणि लाईट काय फुकट येते?” आतून उत्तर आलं, पण तोवर तो पायऱ्या उतरला होता.

खाडीच्या काठावर होडी ओंडक्यांवर उभी होती. वरची झापं उतरवलेली, नवा निळा रंग, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा हार. लोटायला वाडीतले गडी जमले होते. पाणी मात्र अजून होडीपासून चांगलंच लांब होतं. मोरू तांडेलांनी ओंडक्यांकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि सरळ खाली बसून तंबाखूची चंची सोडली. बाकीचेही बसले. कुणी कालच्या भजनाविषयी बोलायला लागलं, कुणी डोळे मिटले.

सूरज तेवढा उभा. तो होडीला एक फेरी मारून आला, ओंडका पायाने हलवून बघितला आणि खांदा लावून उगाच रेटून बघितला.

“बाबा, एवढी माणसं हाव. लोटूया की चिखलातून.”

“पाणी नाय तं लोटून काय करशील? चिखलात रुतंल, मंग पाणी आल्यावर पण निघायची नाय.” तांडेलांनी तंबाखू मळली. “बस जरा. पाणी आपल्या पायांनी येतंय. तू बोलावलंस म्हणून लवकर यायचं नाय.”

गडी हसले. सूरज नाइलाजाने बसला. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तो समोर बघत राहिला. समोर होड्या लावायचा जुना धक्का होता, जांभ्या चिऱ्यांचा. लहानपणापासून बघितलेला. वरचे चिरे तांबडे, पावसाने धुतलेले, आणि खाली पाण्याच्या कडेकडेने काळपट हिरवा पट्टा. भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंत चिऱ्यांना शेवाळ धरतं. आता पाणी त्या पट्ट्याच्या बरंच खाली होतं. तासाभराने त्याच्या वरच्या कडेला लागेल. कुठल्याही कोळ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

सूरज धक्क्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या मानेवर काटा आला.

काळपट हिरवा पट्टा. भिंतीच्या तळाशी. पाण्याच्या कडेकडेने. आणि फक्त त्याच खोलीत.

ते टीव्हीचं मळणं नव्हतं, कॅसेटीचा दोषही नव्हता. त्या खोलीतल्या पाण्याला भरती-ओहोटी होती! आणि खाडीवर जन्मलेला, पाण्याच्या वेळेवर जेवण-झोप ठरणाऱ्या घरातला सूरज शिवलकर इतकी वर्षं तो पट्टा फडक्याने पुसत बसला होता. मुकुल बोर्डात आलेला, पण तो शहरातला. त्याच्या नजरेतून एक वेळ सुटला तर सुटला. सूरजला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी मोठ्याने हसावंसंही वाटलं.

तो ताडकन उठला. घर काही फार लांब नव्हतं. पळत गेला तर...

“कुठं?” तांडेलांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मागे दोनदा जे झालं तेच तिसऱ्यांदा होणार, याची खात्री तेवढी होती.

पाणी आता होडीकडे सरकायला लागलं होतं. ओंडक्यांच्या पहिल्या जोडीला फेस लागून मागे जात होता. भरती माथ्यावर आली की थोडाच वेळ टिकते, तेवढ्यात होडी लोटायची, आणि एक खांदा कमी असेल तर जड जाते. सूरजने घराच्या दिशेला बघितलं. रुपाली टीव्हीजवळून येत-जात असेल. भिकाजी लांज्याहून निघालाही असेल. निळं दार तिकडे, होडी इकडे.

“कुठं नाय,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

त्या दिवशीइतकं थांबणं त्याला कधी जड गेलं नव्हतं. पण तो थांबला. पाणी आलं, होडीच्या पोटाला लागलं, तांडेल उठले, “हय्या रे!” झालं आणि सूरजने खांदा असा लावला की शेजारच्या गड्याने वळून बघितलं. होडी ओंडक्यांवरून घरंगळली, डुलली आणि तरंगायला लागली. दोर बांधून झाल्याशिवाय सूरज हलला नाही. मग मात्र तो असा पळाला की एक चप्पल चिखलातच राहिली.

पडवीत शिरला तर टीव्हीचा पडदा काळा.

“रुपाली!”

“वरडताय काय? कोण बघत नव्हतं, मंग बंद केला.” ती हात पुसत बाहेर आली. सूरजचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. “काय झालं वो? काय बिघडलं काय?”

सूरज मशीनपुढे बसला. सगळं पहिल्यापासून करायला आता वेळ होता कुठे? आणि मग त्याला खेळाच्या मशीनवरचा लाल दिवा दिसला. मिणमिणता, पण पेटलेला. रुपालीने टीव्हीचं बटण दाबलं होतं. मशीनला वेगळं बटण असतं हे तिला माहीतच नव्हतं. काळ्या पडद्याच्या मागे कंदीलवाला अख्खी सकाळ काठावर उभा होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता.

त्याने टीव्ही लावला. चित्र यायला जरा वेळ घेतं, तेवढ्यात त्याने रुपालीचा हात घट्ट धरला.

खोलीत पाणी नव्हतं. भिंतींचा काळपट हिरवा पट्टा पूर्ण उघडा पडला होता, तळाशी ओली वाळू चमकत होती. आणि जिथे एक दगड कमी पडायचा तिथे एक दगड होता. रुंद, शेवाळलेला, पहिल्यापासून तिथंच बसलेला. बाकीच्यांपेक्षा बुटका होता, म्हणून पाण्याखाली कधी दिसला नव्हता.

“दगड कमी नव्हताच,” सूरज हळूच म्हणाला. “पाणी जास्त होतं.”

त्याने रिमोट उचलला आणि कंदीलवाल्याला एक पाऊल पुढे टाकायला लावलं. लगेच कडेच्या फटींतून पाणी आत यायला लागलं. म्हणजे हात लावला की भरती, आणि हात आवरला की ओहोटी! आता कळलं, त्या जपानी माणसाने काय करून ठेवलं होतं. बटणं बडवणाऱ्याला त्याने कधी तळ दिसूच दिला नव्हता. सूरजने दगडांवरून कंदीलवाल्याला चालवलं, मागून पाणी वर येत होतं, रुपाली “चला चला” करत त्याचा दंड हलवत होती. शेवाळलेल्या दगडावर पाय पडला. बुटक्याचे बूट भिजले. आणि निळं दार उघडलं.

पडदा पांढरा झाला. मग दिसला तो किनारा. उघडा समुद्र, वर आभाळ. इतक्या दगडी खोल्यांनंतर आभाळ बघून सूरजला गलबलून आलं. वाळूवर एक छोटी होडी होती. कंदीलवाला आपणहून तिच्यात चढला, कंदील नाळेवर टांगला आणि बसला.

आणि काही झालं नाही.

सूरजचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला.

“थांब रं,” मागून आवाज आला. मोरू तांडेल दारात उभे होते, हातात सूरजची चिखलाने भरलेली चप्पल. ती द्यायला आले होते आणि बघत राहिले होते. “होडी कोरडीत हाय. दिसत नाय तुला?”

सूरजने रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. तांडेल जवळ येऊन बसले. पडद्यावर लांब कुठेतरी एक लाट फुटली, किनाऱ्याकडे आली आणि मागे गेली. पुढची जराशी जास्त वर आली; इथे हात आवरला की भरती. बापलेक बघत राहिले. सूरजला कळलं की आपल्याला कंटाळा आलेला नाही. काय होणार आहे हे बघायची इतकी उत्सुकता आहे, की थांबणं हेही काहीतरी करणंच वाटतंय. जाळं टाकून बसलेल्या बाबांना रोज असंच वाटत असेल काय? हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात अंगणात भिकाजी आला. घाम पुसत, हातात रिकामं पोतं. “सूरजशेठ, परतीची एसटी...”

“बसा जरा,” रुपाली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “पाणी येतंय.”

भिकाजीला काही कळलं नाही, पण तोही पायरीवर टेकला. पाणी आलं. होडीच्या पोटाला लागलं, होडी डुलली आणि वाळूवरून सुटली. कंदील पाण्यात लांबवर उमटला. होडी लहान लहान होत गेली, शेवटी उजेडाचा एक ठिपका उरला, आणि त्यावर जपानी अक्षरांची एक ओळ आली.

“काय लिवलंय?” तांडेलांनी विचारलं.

“ठाऊक नाय,” सूरज म्हणाला. एक काटा निघाला होता आणि दुसरा लागला होता. पण हा टोचत नव्हता.

भिकाजीने टीव्ही आणि मशीन पोत्यात भरलं, पेटीला दोरी बांधली. जाताना त्याने सूरजला बाजूला घेऊन विचारलं, “ती शेवटची खोली अवघड म्हणतात. तिथं काय करायचं?”

“काय नाय करायचं,” सूरजने प्रामाणिकपणे सांगितलं.

“नाय सांगायचं तं नको सांगू,” भिकाजी फुरंगटून म्हणाला आणि पोतं खांद्यावर टाकून, पेटी हातात धरून निघाला.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. खाडीवर पूजा झाली, सोनेरी कागद लावलेला नारळ समुद्राला दिला आणि मोरू तांडेलांची होडी खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढे खडकांची रांग होती. पाणी पुरतं चढल्याशिवाय तिच्यावरून जाता येत नाही. आजूबाजूला दुसऱ्या होड्याही थांबल्या होत्या. एका होडीवरचे पोरगे घाई करत इंजिन फुरफुरवत होते.

तांडेलांनी खिसे चाचपले. “मना तंबाखू मळायचीय. धर जरा,” ते म्हणाले आणि सुकाणू सोडून पुढे जाऊन बसले. तंबाखू मळायला त्यांना आजवर कधी सुकाणू सोडावं लागलं नव्हतं, एका हाताने मळायचे. सूरजने सुकाणू धरलं. लाकूड बापाच्या हाताने गुळगुळीत झालेलं होतं.

शेजारची होडी सुटली. मग तिच्या मागची.

“काय?” तांडेलांनी पाठमोरेच विचारलं. “निघूया काय आपणही?”

सूरजने खडकांकडे बघितलं. कडेच्या उंच खडकांवर शेवाळाच्या पट्ट्याची वरची कड अजून कोरडी होती.

“अजून नाय, बाबा,” तो म्हणाला. “जरा थांबूया.”

मोरू तांडेलांनी वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त मिशीवरून एकदा सावकाश हात फिरवला.